तिलाच विचारा

माझी मुलगी १९९०ची. म्हणजे आता चांगली पस्तिशी गाठलेली बाई आहे. उंची जेमतेम चार फूट आठ इंच, केस आखूड, चष्म्याचा नंबर मोठा. आठवड्यातले पाच दिवस ती एका संस्थेच्या कार्यशाळेत कागदी पिशव्या चिकटवते, दिवाळीच्या आधी दोन महिने पणत्या रंगवते आणि महिनाअखेर मिळणाऱ्या मानधनाचा आकडा मला सांगायचा की नाही हे तिच्या मर्जीवर असते. तरीही मध्यंतरी एका लग्नात एक सुशिक्षित गृहस्थ तिच्याकडे पाहत मला म्हणाले, "काय म्हणतंय बाळ?" त्यांच्या शेजारी त्यांची सून उभी होती. ती माझ्या मुलीहून वयाने लहान असावी. तिला मात्र कोणी बाळ म्हणत नव्हते.

मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशी तीन दारे आहेत. कोणाला कोणत्या दाराने आत घ्यायचे हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. बँकेत काम करताना तर ते अंगवळणीच पडते. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसासाठी मात्र यांतले एकही दार उघडत नाही. त्याच्याशी कोणी बोलतच नाही, त्याच्याबद्दल बोलतात. "हिला तिखट चालतं का?" "हिला सगळं कळतं का?" "हिला पाळी येते का हो?" हा शेवटचा प्रश्न मला रेल्वेच्या बायकांच्या डब्यात सात-आठ जणींच्या देखत विचारला गेला. मुलगी शेजारीच बसली होती. खिडकीबाहेर पाहत होती, पण ऐकत होती. तिला ऐकू येते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

अशा वेळी आईने काय करावे? रागवावे, समजावून सांगावे, की ऐकून सोडून द्यावे? पस्तीस वर्षांत मी हे सगळे करून झाले आहे. नोकरीमुळे गाव सारखे बदलत राहिले, आणि प्रत्येक नव्या गावात नवे शेजारी, तेच प्रश्न आणि माझी नवी परीक्षा असा क्रम होता.

पहिला शब्द डॉक्टरांच्याच तोंडून ऐकला. प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे न येता व्हरांड्यात यजमानांना म्हणाले, "मंगोल बेबी आहे. फार अपेक्षा ठेवू नका." तो शब्द तेव्हाही शिळा झालेला होता. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरने १८६६ साली या मुलांचे पहिले नीट वर्णन केले. आपल्या रुग्णांची वर्गवारी त्याने चेहऱ्याच्या ठेवणीवरून, निरनिराळ्या मानववंशांची नावे देऊन केली होती. त्यातला 'मंगोल' हा शब्द तेवढा चिकटून राहिला. १९५९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिले की, या मुलांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. त्याचा मंगोलियाशी काडीचाही संबंध नव्हता. १९६१ मध्ये काही आनुवंशशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून हा शब्द सोडून द्यावा असे सुचवले. १९६५ साली मंगोलियाच्याच विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने तो टाकून दिला. आमच्या व्हरांड्यापर्यंत ही बातमी पंचवीस वर्षांनीही पोचली नव्हती.

डाऊनबद्दल मात्र माझ्या मनात राग नाही. पुढे त्याचे चरित्र वाचले तेव्हा कळले की, त्या काळात अशा मुलांना कोंडून आणि मारून ठेवण्याची रीत असताना त्याने मारहाण बंद केली. १८६८ मध्ये बायकोच्या मदतीने लंडनजवळ नॉर्मन्सफील्ड नावाचे घर या मुलांसाठी काढले. १८७९ मध्ये तिथे त्यांच्यासाठी एक नाट्यगृहही उभे राहिले. डाऊन १८९६ मध्ये वारला आणि १९०५ साली त्याच्या मुलाच्या घरी जो मुलगा जन्मला, त्याला डाऊन सिंड्रोम होता. कादंबरीत मी असे काही लिहिले असते, तर संपादकाने योगायोग फार ताणला म्हणून ते पान परत पाठवले असते.

शब्द बदलले की माणसे बदलतात असे काही मी म्हणणार नाही. माझ्या डोळ्यांदेखत 'मंदबुद्धी'चे 'मतिमंद' झाले, मग 'गतिमंद', मग 'विशेष', आणि आता 'दिव्यांग'. प्रत्येक नवा शब्द पहिली काही वर्षे स्वच्छ असतो, नंतर शाळेच्या मैदानावर तीच शिवी होते. 'ए, स्पेशल!' असे एकमेकांना चिडवणारी मुले मी ऐकली आहेत. उलट माझी सासू नातीला आयुष्यभर "येडाबाई" म्हणत आली, आणि त्या हाकेला माझी मुलगी जेवढ्या आनंदाने ओ देई तेवढी कुठल्याच शासकीय शब्दाला देणार नाही. शब्दापेक्षा तो कोणाला उद्देशून उच्चारला, हे मला महत्त्वाचे वाटते. सासूबाई तिच्याशी बोलत होत्या. डॉक्टर व्हरांड्यात बोलत होते.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. धाकट्या नणंदेला पाहायला मंडळी यायची होती. शेजारच्या एका वयस्कर बाईंनी मला बाजूला घेऊन सुचवले, "तेवढा दिवस पोरीला आमच्याकडे ठेव. उगाच घराण्यात आहे म्हणतील." सासूबाईंनी ते स्वयंपाकघरातून ऐकले. बाहेर येऊन म्हणाल्या, "नात लपवून मुलीचं लग्न करायचं असेल, तर ती घरात राहिली तरी चालेल मला." त्या दिवशी पोह्यांच्या बशा माझ्या पाच वर्षांच्या मुलीने नेऊन दिल्या. त्यांतली एक सतरंजीवर सांडली. लग्न जमले.

'घराण्यात आहे का' या प्रश्नाचे उत्तर खरे तर सरळ आहे. शंभरांतल्या सुमारे ९५ मुलांच्या बाबतीत हे जास्तीचे गुणसूत्र पेशीविभाजनातल्या गफलतीमुळे येते. ते घराण्यातून उतरत नाही. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे, पण तरुण आयांची बाळंतपणेच इतकी जास्त असतात की, अशी पुष्कळ मुले त्यांच्याच पोटी येतात. एवढी माहिती लोकांना पुरत नाही, कारण त्यांना आईचा दोष हवा असतो. "पोटुशी असताना ग्रहण पाळलं नव्हतंस का?" हे मला किमान पाच गावांत विचारले गेले. आता गंमत अशी की, ही गफलत बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना होते, आणि त्या विभाजनाची सुरुवात ती स्त्री स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच झालेली असते. तेव्हा ग्रहणाला जबाबदार धरायचेच असेल, तर ते माझ्या आईने पाळायला हवे होते. माझी आई इतकी कर्मठ की, तिने ते नक्की पाळले असणार.

हे सारे मी सुरुवातीला लोकांना समजावून सांगत असे. बसथांब्यावर, हळदीकुंकवाला, बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत. पुढे लक्षात आले की, विचारणाऱ्याला गुणसूत्रांत रस नसतो. आपल्या घरात हे नाही एवढी खात्री करून घेऊन तो पुढे जातो.

रागवण्याचा फायदा तरी काय? एकदा शहर बसमध्ये मागच्या बाकावरची कॉलेजची तीन मुले तिच्यासारखी जीभ बाहेर काढून एकमेकांना दाखवत होती. या मुलांच्या तोंडाची पोकळी लहान असते आणि स्नायू सैल, म्हणून जीभ थोडी पुढे येते, बोलणे जड होते. मी उठून काही बोलणार तेवढ्यात मुलगीच मागे वळली. त्यातल्या एकाच्या जिभेकडे नीट निरखून पाहत मोठ्याने म्हणाली, "तुझी जीभ पांढरी आहे. पोट साफ नाही." आजीचे वाक्य. सगळी बस हसली, कंडक्टरसुद्धा. पोरे पुढच्या थांब्यावर उतरली. तिकीट पुढचे होते की नाही देव जाणे.

आता कायदाही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार, चारचौघांत हेतुपुरस्सर दिव्यांग व्यक्तीचा अपमान करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतल्या अशा चित्रणाबद्दल निकाल देताना, दिव्यांगांना समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा आणि त्यांना खाली ढकलणारा विनोद वेगळा, असा भेद स्पष्ट केला. त्यांच्याबद्दल जे काही करायचे ते त्यांना बरोबर घेऊनच करा, हेही सांगितले. निकालाची बातमी मी दोनदा वाचली. मात्र त्या तीन पोरांसाठी मी पोलिसात गेले असते असे वाटत नाही. कायदा मोठ्या पडद्यासाठी आणि मोठ्या माणसांसाठी हवा. बसमधल्या पोरांचे तिने पाहून घेतले.

हसणाऱ्यांपेक्षा मला जड जातात ते कळवळणारे. देवळाच्या पायरीवर तिच्या हातात पाच रुपयांचे नाणे ठेवून पुढे जाणारे. "देवाचं लेकरू आहे हो" म्हणून तिच्या गालावरून हात फिरवणारे. पस्तीस वर्षांच्या कुठल्या बाईच्या गालावरून परक्या माणसाने हात फिरवलेला आपण चालवून घेऊ? "ही मुलं फार प्रेमळ असतात" हे त्याच जातीचे वाक्य. माझी मुलगी प्रेमळ आहे तशी हट्टी आहे. साखरेचा डबा रिकामा झाला की, तिच्याइतके बेमालूम खोटे घरात कोणी बोलत नाही. माझी एक मावसबहीण तिला मुळीच आवडत नाही आणि ते तिने कधी लपवलेले नाही. ती माणूस आहे, देवाच्या खात्यावर जमा केलेली ठेव नव्हे.

आणि त्यांचा तो एक प्रश्न. इचलकरंजीत नात्यातल्या एका लग्नाची पंगत बसली होती. समोरच्या आजीबाईंनी जिलेबी मोडता मोडता विचारले, "तुमच्या माघारी हिचं कसं व्हायचं गं?" हेतू वाईट नव्हता. आवाजात खरी काळजी होती. मुलगी माझ्या डाव्या हाताला बसून मठ्ठा पीत होती. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. रात्री दिवा मालवल्यावर अंधारात तिने विचारले, "आई, माघारी म्हणजे कधी?"

या प्रश्नाने आम्हा आईबापांच्या किती रात्री खाल्ल्या आहेत, हे मी वाचकांना काय सांगू! एके काळी तो फारसा पडतच नसे, कारण ही मुले जगत नसत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतसुद्धा त्यांचे सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होते. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. शस्त्रक्रिया सुधारल्या, औषधे आली, आणि तिथे आता ही सरासरी साठीच्या घरात पोचली आहे. म्हणजे मुलगी आमच्यानंतर पुष्कळ जगेल अशी आशा आहे, आणि त्या आशेचीच भीती वाटते. उतारवयात या लोकांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा लवकर आणि अधिक प्रमाणात गाठतो, हेही मला ठाऊक आहे. यजमान आणि मी या सगळ्याबद्दल बोलत असू ते ती झोपल्यावर, दार लोटून.

त्या रात्री मी तिला सांगितले, "माघारी म्हणजे मी आणि बाबा मेल्यावर." ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मग मी कुठं?" मी विचारले, "तुला कुठं राहायचंय?"

दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने उत्तर दिले. भावाकडे जायचे नाही, तिकडे कुत्रा आहे. याच घरात राहायचे. कार्यशाळा सोडायची नाही. आणि कार्यशाळेतल्या तिच्या एका मैत्रिणीने इथे राहायला यावे, कारण ती घोरत नाही. आमच्या मनात तोवर भावाचे घर एवढा एकच पर्याय होता. गेल्या काही वर्षांत मृत्युपत्र, घराची व्यवस्था, सोबतीला राहणारी बाई, मैत्रिणीच्या आईवडिलांशी बोलणी हे जे सगळे आम्ही उभे करत आणले आहे, त्याचा पाया तिने चहाच्या टेबलावर घातलेला आहे. भावाला वाईट वाटेल अशी धास्ती होती. तो म्हणाला, "कुत्र्याचं खरं आहे तिचं."

तेव्हापासून माझे उत्तर एकच झाले. कोणी मला तिच्याबद्दल काही विचारले की, मी म्हणते, "तिलाच विचारा." रागाने नव्हे, साध्या आवाजात. मग गप्प बसायचे. हे गप्प बसणे सर्वांत कठीण. तिला उत्तराला वेळ लागतो. शब्द जुळवायला पाच-सात सेकंद जातात आणि तेवढ्यात विचारणारा पुन्हा माझ्याकडे वळतो. मी दुसरीकडे पाहते.

बँकेत हे मला स्वतःच्याच धंद्यातल्या माणसांवर वापरावे लागले. कार्यशाळेचे मानधन खात्यात जमा होणार असे ठरले, म्हणून मी तिला घेऊन घराजवळच्या एका शाखेत गेले. टेबलामागचा तरुण अधिकारी तिच्याकडे एकदाच पाहून मला म्हणाला, "मॅडम, सही येते का हिला? त्यापेक्षा तुमचंच संयुक्त खातं काढा, तुम्हीच चालवा." त्याची भीती मला पुरती कळत होती. मीही त्या खुर्चीत बसलेली. उद्या कोणी तिला फसवून पैसे काढले की चौकशी लागते ती अधिकाऱ्याला, आणि १८७२च्या करार कायद्यातले 'सुबुद्ध मन' हे शब्द प्रत्येक बँकवाल्याच्या मनात कुठेतरी घर करून असतात. ज्यांना खरोखरच व्यवहार झेपत नाही त्यांच्यासाठी सोय आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते आणि बँका ते प्रमाणपत्र मानतात. पण डाऊन सिंड्रोमच्या दोन माणसांची समज सारखी नसते. तेव्हा चेहरा पाहून पालक मागणे म्हणजे अर्ज न वाचता कर्ज नाकारण्यासारखे आहे. २०१६च्या कायद्याचे कलम १३ आपला पैसा आपण सांभाळण्याचा हक्क दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने देते.

मी त्याला कलम सांगितले नाही. एवढेच म्हणाले, "खातं तिचं आहे. तिलाच विचारा." तो अवघडला. मग खुर्ची थोडी फिरवून तिला म्हणाला, "सही करता का?" तिने केली. तीन नमुना सह्या, तिन्ही वेगवेगळ्या. तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हणाले, "आमच्या शाखेत एका माजी आमदारांची सही दर वेळी वेगळी यायची. आम्ही काढत होतो त्यांचे पैसे." तो हसला. दोन फेऱ्या आणखी झाल्या, वरिष्ठांना विचारणे झाले, आणि मोठ्या रकमा काढता येणार नाहीत अशी मर्यादा ठरवून खाते उघडले. पासबुकावर फोटो तिचा, नाव तिचे. तिसऱ्या फेरीला त्याने तिला "बसा" म्हटले. त्या 'बसा'चे मोल तिला कितपत कळले कोण जाणे, पण ती बसली ती पर्स मांडीवर घेऊन, अगदी ताठ.

हल्ली चित्रपटांमुळे थोडा फरक पडला आहे. २०१४ साली 'यलो' आला. त्यात पुण्याच्या गौरी गाडगीळ या जलतरणपटूने स्वतःचीच भूमिका केली. २०२५ मध्ये आमिर खानच्या 'सितारे जमीन पर'मध्ये अशा कलाकारांचा संघच पडद्यावर दिसला. दोन्ही चित्रपट आम्ही सहकुटुंब पाहिले. 'यलो'नंतर महिनाभर वाड्यातल्या बायका विचारत, "ही पण पोहते का?" मुलीला पाण्याची भीती आहे. ती पोहत नाही, गात नाही, चित्रे बरी काढते पण प्रदर्शनाला ठेवण्याइतकी नाही. गौरीचे कौतुक आहेच. पण पूर्वी या मुलांना काहीच येत नाही असे समजत, आणि आता प्रत्येकीने एखादे पदक आणावे अशी अपेक्षा करतात. पिशव्या चिकटवणाऱ्या साध्या बाईला कोणी साधेपणाने वागवावे, हे दोन्हींच्या मधले कुठेतरी राहून जाते.

ते जमते आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीला. तिला गुणसूत्रे ठाऊक नाहीत, कलमे ठाऊक नाहीत. मी बरोबर असले तरी ती मुलीलाच विचारते, "ताई, मेथी काढू का पालक?" मग थांबते. थांबते म्हणजे हात जोडून उभी राहत नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला कांदे तोलते, कोथिंबिरीवर पाणी मारते. तेवढ्यात मुलीचे ठरते. पैसे तिच्या हातातून घेते आणि सुट्टे तिच्याच हातात देते. एकदा मुलीने वीसच्या जागी दहाची नोट दिली, तर म्हणाली, "ताई, दहा कमी आहेत. फुकट न्यायची का मेथी?" मुलगी खो खो हसली. घरी येऊन दोन दिवस ती हे वाक्य सगळ्यांना ऐकवत होती.

हा लेख तिला वाचून दाखवला. नाव छापायला तिने नकार दिला, म्हणून ते इथे नाही. साखरेच्या डब्याची गोष्ट काढून टाक म्हणाली. मी म्हटले, ती फार चांगली आहे, राहू दे. तिने बराच वेळ विचार केला आणि मग विचारले, "पेपरवाले पैसे देतात का?" देतात म्हटल्यावर अर्धे तिच्या खात्यात भरायचे या अटीवर परवानगी मिळाली आहे.